ईम गांवची नोंदवही : एका लहान इंग्रजी पॅरिशचा व तेथील घराण्यांचा इतिहास

मागें एकदां आम्ही एका खेड्यांतील मंडळीस भेट देण्यास गेलों होतों. उपासना आटोपल्यावर एक आजीबाई आमच्यापाशीं आल्या व म्हणाल्या, "पाळकसाहेब, माझा धाकटा भाऊ लहानपणींच वारला. त्याचें नांव मंडळीच्या वहींत असेल. तेवढें मला वाचून दाखवा." वही काढली, पानें चाळलीं. वर्ष सांपडलें, महिनाही सांपडला. परंतु तेथें "एक मूल पुरलें" एवढेच शब्द होते. नांव नाहीं, बापाचें नांव नाहीं, दिवसही नाहीं. आजीबाई कांहीं बोलल्या नाहींत. पदर सांवरून त्या घरीं गेल्या. लिहिणाऱ्याचा आळस क्षणाचा होता. पण त्यामुळें जें हरवलें तें आतां त्या वहींतून कोणालाही काढून देतां येत नाहीं.

त्या दिवसापासून आमच्या मनांत आहे कीं, नोंदवही म्हणजे काय व ती कशासाठीं ठेवावी, ह्याविषयीं आपल्या उपदेशक बंधूंस व मंडळींतील वाचकांस एक धडा द्यावा. कोरडे नियम सांगण्यापेक्षां एका खऱ्या गांवाची हकीकत सांगणें बरें. तें गांव इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत आहे. अक्षरें पाहून पुष्कळ लोक त्याचा उच्चार "ईयाम" असा करितात. परंतु गांवकरी आपल्या गांवास "ईम" म्हणतात, म्हणून आम्हीही तसेंच म्हणूं.

१. पॅरिश व तिची वही

प्रथम पॅरिश म्हणजे काय तें समजून घ्यावें. एक ख्रिस्तमंदिर, त्याचा एक पाळक, आणि त्या मंदिराच्या हद्दींत येणारीं घरें, शेतें व वाड्या, हें सर्व मिळून एक पॅरिश होते. सबंध इंग्लंड देश शेंकडों वर्षांपासून अशा पॅरिशांत वांटलेला आहे. पाळकास पुष्कळ ठिकाणीं "रेक्टर" म्हणत, व लोकांच्या उत्पन्नाच्या दशमांशावर त्याचा चरितार्थ चाले.

राजांचा व सरदारांचा इतिहास मोठमोठ्या ग्रंथांत लिहिलेला असतो. पण शेतकरी, मजूर, शिंपी, लोहार ह्यांचा इतिहास कोण लिहितो? इंग्लंडांत त्यांची आठवण जर कोठें राहिली असेल तर ती मुख्यतः पॅरिशच्या नोंदवहींत. इ. स. १५३८ सालीं आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल ह्यानें हुकूम काढला कीं, प्रत्येक पॅरिशनें एक वही ठेवावी. मागल्या आठवड्यांतील बाप्तिस्मे, विवाह व प्रेतक्रिया दर रविवारीं तींत लिहाव्या. लिहितांना मंडळीचा कारभारी हजर असावा. आणि दोन कुलपांच्या पेटींत ती वही ठेवावी. एका माणसावर सर्व भरंवसा टाकूं नये, हा दोन कुलपांचा अर्थ. पहिल्या वह्या कागदी असल्यामुळें लवकर खराब होत. म्हणून १५९८ सालीं ठरलें कीं, नोंदी चामड्याच्या पानांवर उतराव्या, व दर वर्षीं त्यांची एक नक्कल बिशपाकडे पाठवावी. सरकारी जन्ममृत्यूची नोंद तेथें १८३७ सालीं सुरू झाली. तोंपर्यंत सुमारें तीनशें वर्षें गरिबाच्या घराण्याचा आधार काय तो ह्या वहीचाच होता.

एका माणसाच्या आयुष्यांत ह्या वहीच्या तीनच ओळी येत: बाप्तिस्म्याची, विवाहाची व प्रेतक्रियेची. परंतु बापाच्या ओळीशेजारीं मुलाची ओळ ठेवा, म्हणजे घर उभें राहतें. शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं घरें जवळ जवळ ठेवा, म्हणजे गांव उभें राहतें. घराण्याचा इतिहास शोधण्याची रीत एवढीच आहे. आतां ती ईम गांवास लावून पाहूं.

२. गांव व त्यांतील दोन पाळक

ईम हें डोंगराळ मुलखांतलें गांव. लोक मेंढ्या राखीत, थोडीबहुत शेती करीत, व पुष्कळ जण शिशाच्या खाणींत राबत. रेक्टरास शिशाच्या कच्च्या धातूवरही दशमांश मिळे. मंदिराच्या आवारांत हजार वर्षांहून जुना, नक्षी कोरलेला एक दगडी क्रूस अद्याप उभा आहे.

सतराव्या शतकांत इंग्लंडांत राजा व पार्लमेंट ह्यांच्यामध्यें युद्ध झालें, व त्याबरोबर मंडळीही दुभंगली. १६४४ सालीं ईम येथें टॉमस स्टॅन्ली नांवाचा पाळक आला. तो प्युरिटन पक्षाचा होता. १६६० सालीं राजा परत आल्यावर त्याची जागा गेली. पुढें १६६२ सालीं कायदा झाला कीं, प्रत्येक पाळकानें ठराविक प्रार्थनापुस्तक मान्य केलेंच पाहिजे. स्टॅन्लीच्या मनानें तें घेतलें नाहीं. तथापि त्याची माया गांवावर होती, व गांवाची त्याच्यावर. पद गेलें तरी तो लोकांजवळच राहिला.

१६६४ सालीं विल्यम मोंपेसन हा नवा रेक्टर आला. त्याचें वय तेव्हां पंचविशीच्या सुमाराचें होतें. बरोबर पत्नी कॅथरीन व दोन लहान मुलें होतीं. मनांत आणून पाहा: जुना पाळक गांवांतच आहे, लोकांचें मन त्याच्याकडे आहे, आणि नवा तरुण पाळक व्यासपीठावर उभा आहे. दोघांचीं मतें निराळीं, पक्ष निराळे. अशा स्थितींत कोणत्याही गांवांत काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगणें नको.

३. कापडाची पेटी

१६६५ सालीं लंडन शहरांत मरीनें कहर केला होता. त्या सप्टेंबरांत ईम येथील अलेक्झांडर हॅडफील्ड ह्या शिंप्याच्या घरीं लंडनहून कापडाची पेटी आली. कापड दमट होतें म्हणून त्या घरीं काम करणारा जॉर्ज विकर्स ह्यानें तें विस्तवापुढें वाळत घातलें, अशी परंपरागत हकीकत आहे. वही सांगते ती गोष्ट थोडक्या शब्दांची आहे: ७ सप्टेंबर १६६५ रोजीं जॉर्ज विकर्स ह्यास पुरलें. २२ सप्टेंबर रोजीं त्याच घरांतील लहान मुलगा एडवर्ड कूपर ह्यास पुरलें. दुसऱ्या दिवशीं शेजारचा पीटर हॉक्सवर्थ ह्यास.

येथें विचार करणारा वाचक विचारील, "घर हॅडफील्डचें, मग मुलगा कूपर कसा?" घराण्याचा इतिहास असाच प्रश्न विचारून उलगडतो. मुलाची आई मेरी हिचा पहिला नवरा कूपर. तो वारल्यावर तिनें हॅडफील्डशीं लग्न केलें. ह्या मरींत तिचे दोन मुलगे गेले, आणि पुढल्या वर्षीं दुसरा नवराही गेला. मेरी मागें राहिली. जवळच्याच घरांत थॉर्प कुटुंबाचीं नऊ माणसें होतीं. १६६५च्या सप्टेंबरापासून १६६६च्या मे महिन्यापर्यंत तीं नऊही गेलीं.

ही मरी कशानें येते हें तेव्हां पृथ्वीवर कोणासही ठाऊक नव्हतें. तिचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें येर्सिन ह्या वैद्यानें शोधून काढला. १८९६ सालीं तीच मरी मुंबईस आली, व पुढें तिनें आपल्या प्रांतांत किती घरें बसविलीं हें आपल्या वाडवडिलांनीं आपणांस सांगितलें आहे. ती तपासण्यास सिमोन नांवाचा फ्रेंच वैद्य ह्या देशांत आला होता. १८९८ सालीं कराची येथें त्यानें प्रयोगानें दाखविलें कीं, उंदरांच्या पिसवा हा रोग नेतात. ईमच्या पेटींत काय दडलें असावें ह्याचा उलगडा असा सुमारें २३३ वर्षांनीं हिंदुस्थानच्या भूमीवर झाला.

४. तीन ठराव

थंडींत मरी कमी झाली, व मे महिन्यांत ती जवळजवळ थांबली. लोकांना वाटलें, सुटलों. परंतु जून १६६६ मध्यें ती पुन्हां दुप्पट जोरानें उठली. ऐपतीचे कांहीं लोक गांव सोडून गेले. मोंपेसननें आपल्या पत्नीस मुलांसह दूर जाण्याविषयीं विनविलें. तिनें मुलें यॉर्कशायरांत पाठविलीं, पण स्वतः नवऱ्याजवळ राहिली. बाकीचे लोक पळण्याच्या विचारांत होते. ते पळते तर आसपासच्या प्रत्येक गांवीं मरी घेऊन जाते.

लोकांना थांबविण्यास एकट्या मोंपेसनचा शब्द पुरा पडण्यासारखा नव्हता. स्टॅन्लीजवळ पद नव्हतें. पण एकापाशीं अधिकार होता व दुसऱ्यापाशीं लोकांचा विश्वास होता. दोघे एकत्र आले, व दोघांच्या संमतीनें गांवानें तीन गोष्टी ठरविल्या.

पहिली, मंदिराच्या आवारांत कोणास पुरावयाचें नाहीं. ज्या घरचें मनुष्य त्यानेंच आपल्या शेतांत किंवा परसांत पुरावें, व तेंही लवकर. दुसरी, मंदिर बंद करून उपासना कक्लेट डेल्फ नांवाच्या उघड्या दरींत करावी, व कुटुंबांनीं एकमेकांपासून अंतरावर बसावें. तिसरी, व सर्वांत कठीण, गांवाभोंवतीं हद्द ठरवून ती कोणीं ओलांडावयाची नाहीं. बाहेरचे लोक हद्दीवर अन्नसामग्री ठेवून जात. पैसे वाहत्या पाण्यांत किंवा सिरका भरलेल्या दगडाच्या खळग्यांत ठेवलेले असत. असा खळग्यांचा दगड व "मोंपेसनची विहीर" म्हणतात तो झरा अजूनही दाखवितात. जवळच चॅट्सवर्थ येथें राहणाऱ्या डेव्हनशायरच्या अर्लनेंही गांवास अन्न व औषधें पुरविलीं.

५. हॅन्कॉक व मोंपेसन हीं दोन घरें

गांवापासून थोड्या अंतरावर रायली नांवाच्या जागीं हॅन्कॉक कुटुंब राहत असे. ऑगस्ट १६६६ च्या ३ तारखेपासून १० तारखेपर्यंत, म्हणजे आठ दिवसांत, एलिझाबेथ हॅन्कॉक ह्या बाईचा नवरा व सहा मुलें वारलीं. गांवाच्या ठरावाप्रमाणें तिनें सातही जणांना आपल्या हातांनीं शेतांत नेलें, खड्डे खणले, व पुरलें. दुसरें कोणी मदतीस येणें शक्य नव्हतें. ती स्वतः मात्र वांचली, व पुढें शेफील्ड येथें असलेल्या आपल्या उरलेल्या मुलाकडे गेली. त्या शेतांत दगडी कुंपणाच्या आंत त्यांचे स्मृतिदगड आजही आहेत. प्रिय वाचकहो, तीन ठराव लिहिणें सोपें आहे. ते पाळण्याची किंमत काय पडली तें ह्या एका घरावरून ओळखावें.

पाळकाचें घरही सुटलें नाहीं. आजाऱ्यांची विचारपूस करीत राहिलेली कॅथरीन मोंपेसन २५ ऑगस्ट रोजीं वारली. तिचें वय २७ वर्षांचें होतें. तिची कबर मंदिराच्या आवारांत त्या जुन्या क्रूसाजवळ आहे. थोड्याच दिवसांनीं, आपणही आतां वांचत नाहीं असें समजून, मोंपेसननें मुलांस त्यांच्या आईविषयीं पत्र लिहिलें, व आपला आश्रयदाता सर जॉर्ज सॅव्हिल ह्यास निरोपाचें पत्र लिहिलें. परंतु तो वांचला. त्या एका ऑगस्ट महिन्यांत सुमारें ७८ माणसें गेलीं. नोव्हेंबरच्या आरंभीं शेवटचा मृत्यु झाला व मरी थांबली. ती आजूबाजूच्या गांवांत पसरली नाहीं.

स्टॅन्ली १६७० सालीं वारला. मोंपेसन दुसऱ्या पॅरिशांत गेला. तेथील लोक प्रथम त्याला भिऊन जवळ येऊं देईनात. तो १७०९ पर्यंत जगला. पुढें पुष्कळ वर्षें लोकांनीं सर्व यश मोंपेसनलाच दिलें, व पद गमावलेल्या स्टॅन्लीचें नांव मागें पडलें. अलीकडच्या इतिहासकारांनीं त्याचा वांटा त्यास परत दिला आहे. इतिहास लिहिणारा ज्याच्याजवळ पदवी असते त्याच्याकडेच पाहतो, हा दोष ओळखून ठेवण्यासारखा आहे.

६. परंपरा व कागद

आतां धड्याचा कठीण भाग. जें ऐकलें तें सर्व खरें नसतें, व जें लिहिलें तेंही डोळे मिटून घेण्यासारखें नसतें.

मोंपेसननें २० नोव्हेंबर १६६६ च्या पत्रांत लिहिलें कीं, ७६ कुटुंबांत मरी शिरली व २५९ माणसें वारलीं. मंदिरांतील यादींत मात्र २७३ नांवें आहेत. आज हातीं असलेली वही मूळची नव्हे. ती पुढल्या एका रेक्टरच्या वेळीं केलेली नक्कल आहे, व नकलेंत चूक शिरूं शकते. म्हणून प्रामाणिक लेखक "सुमारें २६०" असें म्हणतो व दोन्ही आंकडे सांगतो.

दुसरें असें कीं, गांवांत ३५० माणसें होतीं व अवघीं ८३ उरलीं, असें दीर्घकाळ सांगण्यांत येई. पण त्या काळीं इंग्लंडांत चुलीवर कर असे, व त्याच्या याद्या राहिल्या आहेत. त्या व नोंदवही ताडून पाहतां गांवाची वस्ती सातशेंच्या खालीं नव्हती, असें अलीकडचे संशोधक म्हणतात. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक वांचले. ह्यानें ईमची थोरवी कमी होते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. खरी गोष्ट पुरेशी मोठी असतां तिला फुगविण्याची गरज नसते.

तिसरें, एमट सिडल नांवाची मुलगी व शेजारच्या गांवचा रोलंड हा तरुण दरीच्या दोन बाजूंस उभे राहून एकमेकांस पाहत, व एके दिवशीं ती आली नाहीं, अशी एक करुण गोष्ट गांवांत सांगतात. एमटचा मृत्यु एप्रिल १६६६ मध्यें झाला ही वहींतील नोंद आहे. दरीची भेट ही परंपरा आहे. अशा कथा ईमच्याच विल्यम वुड नांवाच्या गांवकऱ्यानें १८४२ सालीं आपल्या गांवाच्या इतिहासांत छापल्या. त्यानें जमविलें नसतें तर पुष्कळ गोष्टी नाहींशा झाल्या असत्या. मात्र वाचतांना कोणती गोष्ट वहींतली व कोणती तोंडची, हें निरनिराळें ठेवावें.

शेवटीं एक प्रश्न राहतो. गांव जागच्या जागीं राहिल्यामुळें गांवांतच जास्त माणसें मेलीं काय? कांहीं अंशीं तसें झालें असावें. २०१६ सालीं दोन संशोधकांनीं ह्याच नोंदवहीवरून गणित मांडून दाखविलें कीं, सुमारें तीन चतुर्थांश लोकांना हा रोग दुसऱ्या माणसापासून लागला असावा, व घरच्या घरांत तो अधिक पसरला. जुन्या पाळकांना हें ठाऊक नव्हतें. त्यांना एवढेंच ठाऊक होतें कीं, आपण बाहेर गेलों तर दुसरे मरतील. त्यांनीं तोटा आपल्या पदरांत घेतला. पण लक्षांत घ्या: ज्या लेखकानें मरीच्या दिवसांत, स्वतःचें घर जळत असतां, रोज नांव व तारीख लिहिली, त्याच्यामुळें साडेतीनशें वर्षांनीं शास्त्रज्ञांस हें शिकतां आलें.

७. आपल्यासाठीं

आज ईम येथें त्या घरांवर पाट्या आहेत: ह्या घरीं अमुक राहत होते, अमुक दिवशीं अमुक वारला. १८६६ पासून मरीच्या आठवणीची उपासना होत आली आहे, व आतां ती ऑगस्टच्या शेवटच्या रविवारीं त्याच कक्लेट डेल्फ दरींत होते. १९९४ सालीं गांवानें आपलें संग्रहालयही उघडलें. नहेम्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायांत यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्यांचीं नांवें, सोनार व व्यापारी धरून, कोणीं कोठला भाग बांधला ह्यासकट दिलीं आहेत. तो अध्याय वाचतांना पुष्कळांस कंटाळा येतो. ईमची वही पाहिल्यावर येणार नाहीं.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या हातीं जी वही आहे ती अशीच आहे. तींत पूर्ण नांव, बापाचें व आईचें नांव, गांव, दिवस व सही लिहा. मूल एक दिवसाचें असलें तरी त्याचें नांव लिहा. लिहिणें उद्यांवर टाकूं नका. वही पावसांत व वाळवींत ठेवूं नका. दुसरी प्रत दुसऱ्या जागीं असूं द्या. आणि जुनी ओळ चुकली असें दिसलें तर ती खोडूं नका. खालीं आजची तारीख घालून नवी ओळ लिहा, व कोणीं सांगितलें तेंही लिहा.

त्या आजीबाईंकडे आम्ही पुन्हां गेलों. त्यांना भावाचें नांव विचारलें, आईबापांचीं नांवें विचारलीं, व आठवेल तेवढें वय विचारलें. जुन्या ओळीस हात न लावतां वहीच्या शेवटच्या पानावर त्या दिवसाच्या तारखेनें तें सर्व लिहिलें, आणि खालीं "बहिणीच्या सांगण्यावरून" असें लिहून त्यांचा आंगठा घेतला. मग तें त्यांना वाचून दाखविलें. त्यांनीं दुसऱ्यांदा वाचावयास सांगितलें. आम्हीं दुसऱ्यांदा वाचलें.

मंडळींत विचार करण्यासाठीं प्रश्न

१. नोंदवहीची पेटी दोन कुलपांची असावी, असें कां ठरलें?
२. मोंपेसन व स्टॅन्ली ह्यांपैकीं एकटा कोणीही गांवास थांबवूं शकला असता काय? आपल्या गांवांत असे कोण दोघे आहेत?
३. तुमच्या गांवाविषयीं सांगितली जाणारी एक जुनी गोष्ट घ्या. तिच्यांतील लिहिलेलें किती व तोंडचें किती, तें वेगळें करून दाखवा.
४. तुमच्या घरांतील अशीं किती नांवें आहेत, जीं आज केवळ एका वृद्ध माणसाच्या आठवणींत उरलीं आहेत? तीं ह्या आठवड्यांत लिहून काढा.